गळाला लागलेली माणसं

पहाटेचे पावणेपाच. प्लेनो नावाच्या डॅलसच्या उपनगरातली एक गल्ली. सगळी घरं एकसारखी, सगळ्यांचे लॉन एकाच मापात कापलेले, आणि सगळ्या गल्लीत मिळून एकाच गॅरेजमध्ये दिवा चालू. त्या दिव्याखाली घडीची खुर्ची टाकून सत्तरीचा एक माणूस बसलेला. पायाशी थर्मास आणि प्लॅस्टिकच्या डब्यांनी टम्म फुगलेली बॅग. जिजूनं गाडी थांबवली तसा तो उठला, मागच्या सीटवर मला बघून थबकला आणि म्हणाला, "हीच का ती पत्रकार? माझं नाव छापायचं नाही. आणि माझ्या जागा तर मुळीच छापायच्या नाहीत."

ओके. नाव छापत नाही. तिथे सगळे सगळ्यांना एकेरी नावानं हाक मारतात, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला तसं हाकारायला माझी जीभ वळेना. त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांचं 'काका' करून टाकलं. या लेखातही ते काकाच.

आता मी तिथे काय करत होते? तर हेरगिरी. ताईनं पाठवलं होतं.

झालं असं, की मी मार्चमध्ये तीन आठवड्यांसाठी ताईकडे गेले. तिकीट काढलं तेव्हा सगळं छान होतं. मी पोचले तेव्हा जिजूची नोकरी जाऊन तेवीस दिवस झाले होते. आपल्याकडे नोकरी गेली की माणूस दुसरी शोधतो. तिथे एच-वन-बी व्हिसावर असलात तर शोधायला 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज केला नाही, की बायको, मूल, घराचे हप्ते, भाचीची किंडरगार्टन, सगळं गुंडाळून निघायची तयारी. ताईचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर अवलंबून. फ्रीजवर कॅलेंडर लावलेलं, त्यावर रोज रात्री एक फुली. आणि अशा वेळी हा माणूस आठवड्यातून तीन-तीनदा पहाटे उठून शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर मासे पकडायला जातो! तेही पकडून परत पाण्यात सोडायला!

"तू जा एकदा," ताई म्हणाली. "बघून ये तो नक्की करतो काय तिथे. मला विचारवत नाही."

प्लेनोहून लेक फोर्क साधारण दीड तास. इंटरस्टेट 30 नं पूर्वेकडे, रॉकवॉल, ग्रीनव्हिल, मग हायवे 69 पकडून लोन ओक, एमोरी, अल्बा. शहराचे दिवे मागे पडले की टेक्सास एकदम गावाकडचं होतं. गोठे, चर्च, बंद पेट्रोल पंप, गवताचे गोल भारे. काकांना मोतीबिंदूमुळे अंधारात समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत. त्यांचं ऑपरेशन व्हायचंय, जिजूला वेळच वेळ आहे, म्हणून ही जोडी जमली. बोट तिथेच एका मरिनात छपराखाली बांधलेली असते.

वाटेत मोबाईलवरून माझं एका दिवसाचं लायसन्स काढलं. परराज्यातल्या (म्हणजे माझ्यासारख्या परदेशातल्याही) माणसाला 16 डॉलर. "मी गळ हातात घेणारच नाही," असं मी म्हटलं, तर काका म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

लेक फोर्क हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही नव्हतं. पण बास मासा पकडणाऱ्यांसाठी ते पंढरपूर आहे. सबिन नदीच्या एका उपनदीवरचं हे धरण 1980 मध्ये बांधून झालं आणि पुढच्या पाच वर्षांत भरलं. 27 हजार एकरांचं पाणी. तळं करताना बरीच झाडं तोडलीच नाहीत. ती तशीच बुडाली, मेली आणि अजून उभी आहेत. उजाडायला लागलं तेव्हा मला आधी ती दिसली. धुक्यातून वर आलेले शेकडो करडे बुंधे, फांद्या नसलेले, आणि त्यांच्या टोकांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. सुंदर म्हणवत नाही, पण नजर हटत नाही.

बास त्याच बुडालेल्या जंगलात राहतो. पूर्ण नाव लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा. गंमत म्हणजे तो खरा बास नाहीच. सनफिश नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या कुळातला आहे तो. अंगानं हिरवट, कुशीवर काळा पट्टा, आणि तोंड असं की उघडलं तर आत मूठ जाईल. तो चावत नाही. एका झटक्यात तोंड उघडतो आणि समोरचं भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो. त्याच्यामागे धावणं नाही, दबा धरून बसणं त्याचा स्वभाव. काका म्हणाले, "हा आळशी मासा आहे. म्हणून मला आवडतो."

बोट सुरू झाली आणि मला कळलं की मासेमारी म्हणजे शांत बसणं हा आपला समज साफ चुकीचा. काका बसलेच नाहीत. बोटीच्या नाकावर उभे. डाव्या पायाखाली विजेच्या छोट्या मोटरचं पेडल, त्यानं बोट बुंध्यांमधून इंचाइंचानं सरकवायची. उजव्या हातात रॉड. टाक, बुडू दे, हळूच उचल, परत बुडू दे, गुंडाळ, पुन्हा टाक. मिनिटाला दोन तरी फेकी. मी तासभर मोजत होते, मग कंटाळले. ते नाही कंटाळले.

आमिष काय, तर प्लॅस्टिकचं गांडूळ. जांभळ्या रंगाचं, वीतभर, बोटाला तेलकट लागणारं. काकांकडे एवढ्या डब्यांमध्ये शंभर प्रकारची आमिषं आहेत, पण हात जातो तो याच्याकडेच. त्याचा इतिहासही त्यांनी ऐकवला. 1949 मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसानं घरच्या घरी हे गांडूळ ओतून तयार केलं. पुढे त्याचा कारखाना टेक्सासमध्ये टायलरला आला, म्हणजे या तळ्यापासून तासाभरावर. गळाचं टोक गांडुळाच्याच पोटात लपवायचं, म्हणजे ते लाकडात अडकत नाही. याला 'टेक्सास रिग' म्हणतात. "लोक दर वर्षी नवीन काहीतरी विकत घेतात," काका म्हणाले. "माशाला पकडायला नाही बनवलेलं ते. माणसाला पकडायला बनवलंय."

काकांची मतं हा एक स्वतंत्र विषय आहे. सकाळी सात ते बारा या वेळात मला ती फुकट मिळाली.

मत पहिलं, सोनारबद्दल. आमच्या शेजारून एक बोट गेली. पुढच्या टोकावर एक तिशीचा मुलगा मान खाली घालून उभा. मला वाटलं प्रार्थना करतोय. तो स्क्रीन बघत होता. 2018 मध्ये गार्मिन कंपनीनं पुढच्या दिशेला बघणारा सोनार बाजारात आणला. तेव्हापासून समोरच्या पाण्यातला मासा जिवंत, हलताना स्क्रीनवर दिसतो. तुमचं आमिष त्याच्या नाकासमोर उतरतानाही दिसतं. त्यानं तोंड फिरवलं तर तेही. काही हजार डॉलर मोजले की झालं. यावरून तिथे घराघरांत भांडणं आहेत. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांनीसुद्धा आता त्यावर मर्यादा घालायला सुरुवात केली आहे. काकांच्या घरातही हेच. त्यांचा मुलगा स्पर्धा खेळतो, त्याच्या बोटीवर असे तीन स्क्रीन आहेत. बापलेक दोन वर्षांत एका बोटीत बसलेले नाहीत.

"आठवडाभर ऑफिसात स्क्रीन बघतात, शनिवारी इथे येऊन स्क्रीन बघतात," काका म्हणाले. मी हसले. मग थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तो माझ्यापेक्षा जास्त मासे पकडतो. हेही लिही."

मत दुसरं, घरट्यांबद्दल. मार्च-एप्रिल हा बासचा विणीचा हंगाम. पाणी कोमट व्हायला लागलं की नर काठाजवळच्या उथळ जागी शेपटीनं माती झाडून ताटाएवढी गोल जागा साफ करतो. मादी अंडी घालते आणि जाते. राखण करतो तो बाप. या दिवसांत तो फारसं खात नाही, पण अंड्यांजवळ काहीही आलं की ते तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. मग माणसं काय करतात, तर घरट्यात पुन्हा पुन्हा आमिष टाकत राहतात. भूक नसलेला मासा चिडून गळ घेतो. टेक्सासात हे कायदेशीर आहे. काकांनीही अनेक वर्षं केलं. आता करत नाहीत. कारण विचारलं तर खांदे उडवले. "कोणी तरी घरी थांबलंय, आणि आपण जाऊन सारखी बेल वाजवायची. बरं नाही वाटत."

मत तिसरं, खाण्याबद्दल. हे माझं खास. माझं आजोळ पेणचं, म्हणजे गणपतीच्या मूर्ती आणि जिताडा यांचं गाव. आमच्याकडे मासा पकडून सोडला असं कुणी सांगितलं तर आजी त्या माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. मी काकांना हे सांगितलं आणि मोबाईलवर जिताड्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि ओरडले, "अरे, ही तर बॅरामुंडी!" खरंच की. ऑस्ट्रेलियात ज्याच्यामागे गळवाले वेडे होतात तो आणि आपला जिताडा एकच. तेच मोठं तोंड, तेच गपकन ओढून घेणं. काका पाच मिनिटं मला प्रश्न विचारत होते. खाडीत मिळतो का, भरतीला की ओहोटीला, आमिष कोणतं. मला यातलं काहीच येत नव्हतं. मला फक्त त्याचं कालवण येतं.

तर, सोडून देण्याची ही पद्धत मुळात फार जुनी नाही. 1967 मध्ये रे स्कॉट नावाच्या इन्शुरन्स विकणाऱ्या माणसानं आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची स्पर्धा भरवली आणि त्यातून पुढे अख्खा उद्योग उभा राहिला. आरोप झाला की या स्पर्धांनी तळी रिकामी होणार. म्हणून 1972 पासून त्यानं मासे जिवंत परत सोडण्याची मोहीम सुरू केली. लेक फोर्कचा तर स्वतःचा नियम आहे. 16 ते 24 इंचांमधला मासा ठेवायचाच नाही. त्याहून छोटा न्या, किंवा 24 च्या वरचा एकच. छोटे नेल्यानं उलट उरलेल्यांना खायला जास्त मिळतं. पण कोणी नेत नाही. काकांना याचा राग. "लोकांनी त्याचा धर्म करून टाकलाय. सरकार म्हणतंय छोटे खा, तर यांना पाप वाटतं." ते स्वतः वर्षातून दोनदा नेतात. एकदा ताईकडे दिला होता. तिनं रवा लावून तळला. चव विचाराल तर पांढरं, सौम्य, बरं. जिताड्याच्या आसपासही नाही.

आणि जगातला सगळ्यात मोठा बास? तो खाल्लेला आहे! 2 जून 1932 ला, मंदीच्या काळात, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकरी पोरानं 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 10 किलोंहून थोडा जास्त, मासा पकडला. वजन केलं, घरी नेला, घरच्यांनी खाल्ला. 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरितानं औंसाच्या अंशानं मोठा पकडला, पण विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांना बरोबरीत धरलं. लेक फोर्कचा मान वेगळा. 1986 मध्ये इथे मार्क स्टीव्हन्सन या गाइडनं 17.67 पौंडांची मादी पकडली. तिचं नाव एथेल. तिच्यापासून राज्य सरकारची एक योजनाच सुरू झाली. 13 पौंडांवरची मादी सापडली की ती पैदाशीसाठी सरकारला काही दिवस उधार द्यायची. एथेल पुढे मिसुरीतल्या एका दुकानाच्या टाकीत राहिली, 1994 मध्ये मेली, आणि तिची चक्क शोकसभा झाली. टेक्सासचा आजवरचा विक्रमही याच तळ्यातला, 1992 चा, 18.18 पौंडांचा. काकांच्या मते त्यातली खरी गोष्ट ही की तो माणूस त्या दिवशी बास पकडायला आलाच नव्हता. दुसऱ्याच छोट्या माशासाठी बसला होता.

"आणि तुमचा सगळ्यात मोठा?" मी विचारलं.

काकांनी रॉड खाली ठेवली. जिजू मागच्या टोकाला होता, त्याच्या रीलमध्ये लाईनचा गुंता झाला होता आणि तो सोडवत होता. काका हळू आवाजात म्हणाले, "2001."

2001 मध्ये टेलिकॉमचा फुगा फुटला. प्लेनोशेजारच्या रिचर्डसनमध्ये टेलिकॉम कंपन्यांची रांगच होती. काका त्यातल्या एकीत इंजिनीयर. एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या मजल्यावरचे बहुतेक सगळे खोकी घेऊन घरी गेले. पहिले दोन महिने त्यांनी नोकरी शोधली. नंतर ते रोज इथे यायला लागले. अकरा महिने. बायको शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची, तिनं संध्याकाळचं दुसरं काम धरलं. "त्या वर्षी मला 12 पौंडांची मिळाली. आयुष्यातली सगळ्यात मोठी. फोटो आहे. पण तो घरात कधी लावला नाही." थोडं थांबून म्हणाले, "लोक सांगतात तळ्यानं मला सावरलं. मला तर बायकोनं सावरलं. तळ्यावर मी फक्त लपलो होतो."

मी काही बोलले नाही. पुन्हा फेकी सुरू झाल्या. टाक, बुडू दे, उचल.

साडेआठच्या सुमाराला मी गळ हातात घेतला. (सगळे असंच म्हणतात!) माझ्या पहिल्या फेकीत गांडूळ झाडावर लटकलं, दुसरीत जिजूच्या टोपीजवळून गेलं. काकांनी माझा अंगठा धरून रीलवर नेमका कुठे ठेवायचा ते दाखवलं. त्यांचा स्वतःचा अंगठा म्हणजे किसणी. बासला उचलताना अंगठा तोंडात घालून खालचा ओठ धरतात, आणि त्याचे दात सँडपेपरसारखे बारीक. वर्षानुवर्षांनी कातडी तशी होते. जिजूनं हसत आपला अंगठा दाखवला. तोही सोललेला. दोन आठवडे त्याचा फोन अंगठ्यानं उघडत नाहीये, पासवर्ड टाकावा लागतो.

मग ते झालं. दोरीतून बोटाला टिचकी मारल्यासारखं टक. आणि पुन्हा टक. काका कुजबुजले, "थांब. ढील गुंडाळ. आता!" मी रॉड ओढली आणि पलीकडे कोणीतरी जिवंत होतं. हे लिहून सांगता येत नाही, पण हातातून पोटापर्यंत जातं. दीड-दोन पौंडांचाच होता तो. पाण्याबाहेर उसळला, तोंड झटकलं, माझ्या तोंडावर पाणी. काकांनी हात ओले करून त्याला धरला (कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), पट्टीवर ठेवला. साडेपंधरा इंच. "नेऊ शकतेस," ते म्हणाले. सगळ्या आजोळच्या आत्म्यांनी माझ्या कानात ओरडून सांगितलं, ने! मी नेला नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. बहुतेक फोटोच्या नादात.

तळ्याच्या वरच्या अंगाला एक अरुंद फाटा आत गेलेला दिसत होता. तिकडे बोटी वळत होत्या. सकाळपासून काका दोनदा त्याबद्दल बोलले होते, या दिवसांत मोठ्या माद्या तिकडेच जातात म्हणून. मी विचारलं, "मग आपण इथे पुलाजवळ का घुटमळतोय?"

"तिकडे रेंज नाही," काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं माशांची काही तरी टेक्निकल टर्म असेल. मग त्यांनी हनुवटीनं मागे दाखवलं. बोटीच्या मागच्या टोकाला, कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जिजूचा फोन ठेवला होता. आवाज फुल्ल.

गेले तीन आठवडे. वर्षातले मोठ्या माशाचे सगळ्यात चांगले दिवस. सत्तरीच्या माणसाला असे किती मार्च मिळतात, ते तुम्हीच हिशोब करा.

फोन त्याच दिवशी वाजला, पावणेदहाला. रिक्रूटर. जिजू ताडकन उभा राहिला, बोट हलली, आणि त्याचा आवाज एकदम ऑफिसचा झाला. काकांनी मोटर बंद केली. वाऱ्यानं बोट सरकत बुंध्यांकडे जायला लागली. एक आदळली असती तर जोरात आवाज झाला असता. काकांनी पुढे वाकून एका मेलेल्या झाडाला हातानं धरलं आणि तसेच उभे राहिले. बावीस मिनिटं. मध्ये एकदा हात बदलला. मी मदतीला उठायला लागले तर डोळ्यांनीच 'बस' म्हणाले. जिजू सांगत होता, हो, मी लगेच जॉइन होऊ शकतो. हो, शहर बदलायची तयारी आहे. नाही, सध्या बाहेर आहे, थोडा वाऱ्याचा आवाज येतोय, सॉरी.

घरी आल्यावर ताईनं दार उघडताच विचारलं, "काय करतो तो तिथे?" मी तिला रेंजचं सांगितलं. फक्त तेवढंच. ती ओट्याकडे वळली आणि बराच वेळ काकडी चिरत राहिली. पुढच्या खेपेला डब्यात थालीपिठं होती, तीन माणसांची. काकांनी ती दह्याऐवजी मस्टर्डबरोबर खाल्ली. त्यांना माफ आहे.

मी परत आले. हा लेख पाठवतेय त्या दिवशी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर 49 फुल्या आहेत. त्या कंपनीचे दोन राउंड झाले, तिसऱ्याची तारीख अजून आलेली नाही. जिजू सध्या रोज रात्री दोनपर्यंत अर्ज भरतो, तळ्यावर आठवड्यातून एकदाच जातो. काल ताईनं फोटो पाठवला. काकांच्या हातात नऊ पौंडांची मादी, मागे पूल.

"पुलाजवळच मिळाली," खाली लिहिलं होतं. "फुल्ल रेंजमध्ये."